जुनं घर पाडलं, पण मलबा जातो कुठं? बाळापूरच्या निमित्ताने नियमांचं सगळं गणित

बाळापूर, पातूर, अकोट, अंजनगाव. वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात एक फेरी मारा, दोन-चार गल्ल्यांआड एखादं जुनं घर पाडलेलं दिसतंच. सकाळी जेसीबी येतो, दिवस मावळेपर्यंत घर सपाट. सागवानी दारं, खिडक्या, टिना, सळई यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. उरतो तो मातीचा, विटांचा, प्लास्टरचा ढिगारा. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन जातो आणि सांगितलं जातं, "एवढं घेऊन जा." कुठं घेऊन जायचं, हे घरमालक सांगत नाही आणि ट्रॅक्टरवालाही विचारत नाही.

पुण्या-मुंबईच्या बातम्यांत याला राडारोडा म्हणतात. सरकारी कागदात 'बांधकाम व पाडकाम कचरा' असं भारदस्त नाव आहे. आपल्याकडे मलबा म्हणतात, तर आपण मलबाच म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, माती-विटांचं काय एवढं? ते काही प्लास्टिक नाही, की विष नाही. बरोबर आहे. पण बाळापूर वसलंय मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळ. नदीकाठच्या कुठल्याही गावात मलब्याच्या ट्रॉलीला सगळ्यात स्वस्त उतार नदीचाच असतो. तिथं ना भाडं लागतं, ना परवानगी. उन्हाळ्यात कोरड्या काठावर टाकलेला ढिगारा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. पावसाळ्यात मात्र तेवढीच पाण्याची वाट अरुंद झालेली असते, आणि नदी आपली जागा दुसरीकडून घेते. नाल्यात टाकलेल्या मलब्याचं तर विचारूच नका. पाणी पहिल्याच मोठ्या पावसात वस्तीत शिरतं.

म्हणून मलब्यासाठी देशात वेगळा कायदा आहे. तो काय सांगतो, तो तुमच्या घराला लागू होतो का, आणि 'ग्रीन बिल्डिंग'च्या सवलती बाळापूरसारख्या गावात कुणाला मिळू शकतात, हे नीट समजून घेऊ.

आधी हिशेब: एका घरातून मलबा निघतो किती?

केंद्र सरकारच्या 'टायफॅक' या संस्थेने २००१ च्या सुमारास काढलेले आकडे आजही सरकारी मार्गदर्शक पुस्तिकांत वापरले जातात. नवं बांधकाम करताना चौरस मीटरमागे ४० ते ६० किलो मलबा निघतो. दुरुस्तीत ४० ते ५० किलो. पक्कं घर पाडलं तर चौरस मीटरमागे ५०० किलो आणि अर्धपक्कं पाडलं तर ३०० किलो.

आता तुमचं घर घ्या. समजा १०० चौरस मीटर, म्हणजे साधारण १,०७५ चौरस फुटांचं पक्कं घर आहे. ते पाडलं की ५० टन मलबा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन-चार टन बसतात असं धरलं, तरी बारा ते सोळा खेपा. त्याच जागेवर तेवढंच नवं घर बांधताना आणखी पाच टनांच्या आसपास.

म्हणजे खरा प्रश्न नव्या बांधकामाचा नाहीच, तो पाडकामाचा आहे. आणि आपल्याकडे परवानगी, नकाशा, इंजिनिअर हे सगळं नव्या घरासाठी धावतं. जुनं घर पाडायला लागतो फक्त जेसीबीवाल्याचा नंबर.

२०१६ चे नियम काय म्हणत होते?

२९ मार्च २०१६ ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने मलब्यासाठी स्वतंत्र नियम काढले. त्याआधी हा विषय घनकचऱ्याच्या नियमांत एका कोपऱ्यात पडून होता. या नियमांचा गाभा असा होता, की मलबा ज्याच्या कामातून निघाला, पहिली जबाबदारी त्याची. घरमालकाने किंवा ठेकेदाराने तो आपल्याच आवारात ठेवायचा, घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळायचा नाही, रस्त्यावर किंवा नालीत पडू द्यायचा नाही, आणि नगरपरिषदेने ठरवून दिलेल्या जागी पोचवायचा. त्यासाठी जे शुल्क ठरेल ते भरायचं. हे लहान-मोठ्या सगळ्यांना लागू.

मोठ्यांसाठी वेगळी रेघ होती. एका दिवसात २० टन, किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त मलबा निघत असेल, तर काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, आणि विटा-चुना असे चार ढीग वेगळे करायचे. शिवाय काम सुरू करण्याआधी मलब्याचं काय करणार याचा आराखडा नगरपरिषदेकडून मंजूर करून घ्यायचा.

इथं थांबा आणि वरचा हिशेब पुन्हा बघा. १०० चौरस मीटरच्या घरातून ५० टन मलबा. ते घर मजुरांनी पंधरा दिवस लावून उतरवलं तर दिवसाला साडेतीन टनही होत नाहीत. पण जेसीबीने दोन दिवसांत पाडलं, तर दिवसाला २५ टन! म्हणजे ज्या घरमालकाला वाटत होतं की हे नियम बिल्डर लोकांसाठी आहेत, तो यंत्राच्या वेगामुळे कागदोपत्री 'मोठ्या निर्मात्यां'च्या यादीत जाऊन बसायचा. बाळापुरातल्या एखाद्या जुन्या वाड्याचं तर सांगायलाच नको.

नगरपरिषदेवरही बंधन होतं. मलबा गोळा करायची जागा ठरवायची, तिथून तो नियमित उचलायचा, लोकांना माहिती द्यायची. सरकारी आणि पालिकेच्या कामांत १० ते २० टक्के साहित्य मलब्यापासून बनवलेलं वापरावं, असंही नियमांत होतं. पाच लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांना प्रक्रियेची सोय उभी करायला ३६ महिने दिले होते. म्हणजे मुदत संपली मार्च २०१९ मध्ये.

मग २०२५ मध्ये काय बदललं?

एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम अधिसूचित केले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि त्यांनी २०१६ च्या नियमांची जागा घेतली. या नव्या नियमांचा सगळा भर आहे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांवर. अशा प्रकल्पाच्या मालकाने केंद्रीय पोर्टलवर नोंदणी करायची, आपल्या मलब्याचा ठरलेला हिस्सा पुनर्वापरात गेला हे प्रमाणपत्रांनी सिद्ध करायचं, आणि हा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाढत जाणार. मोबाईल आणि प्लास्टिकच्या कंपन्यांना जसं 'तुम्ही बनवलंत, तर कचराही तुम्हीच निस्तरा' असं सांगितलं गेलं, तीच कल्पना इमारतींना लावली आहे. संरक्षण आणि अणुऊर्जेचे प्रकल्प, नैसर्गिक आपत्ती आणि युद्धातून निघालेला मलबा यांना सूट आहे.

शहरांसाठी हे चांगलंच आहे. पण २०,००० चौरस मीटर म्हणजे सव्वादोन लाख चौरस फुटांच्या आसपास. एवढं बांधकाम असलेले प्रकल्प बाळापूरसारख्या नगरपरिषदेच्या हद्दीत शोधायला दिवस जाईल. गावातला जवळपास सगळा मलबा निघतो तो हजार-दीड हजार फुटांच्या घरांतून, दुकानांच्या दुरुस्तीतून, घरकुल मंजूर झाल्यावर पाडलेल्या मातीच्या घरांतून. त्याचं काय करायचं, हे आजही नगरपरिषद आणि घरमालक या दोघांच्याच हातात आहे.

त्यात आणखी एक गंमत आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. मुंबईसारखे काही अपवाद सोडले तर अकोला महापालिकेपासून बाळापूर नगरपरिषदेपर्यंत सगळ्यांना तीच. लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून या नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला वेगळी परवानगी लागत नाही. नकाशे आणि शुल्कासह सूचना दिली की झालं. १५० ते ३०० चौरस मीटरसाठीही सोपी, कमी दिवसांची पद्धत आहे. सोय उत्तम आहे, तिच्यावर टीका नाही. पण याचा अर्थ असा, की गावातली बहुतेक घरं अशा कुठल्या टेबलावर जातच नाहीत, जिथं एखादा अधिकारी विचारेल, "जुन्या घराचा मलबा कुठं टाकणार?" मला विचाराल तर त्या सूचनापत्रात एवढी एक ओळ वाढवली, तर मोठमोठ्या पोर्टलपेक्षा जास्त फरक पडेल.

आणि दंड? पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमभंगाला पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती, जी लहान प्रकरणात कुणी वापरायचंच नाही. जनविश्वास कायद्याने ती बदलली. १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड अशी रचना आहे.

शहरात मलब्याचे कारखाने आहेत, मग आपल्याकडे का नाही?

देशातला पहिला मोठा मलबा प्रक्रिया प्रकल्प दिल्लीत बुराडीला २००९ मध्ये सुरू झाला. मलबा आणायचा, लोखंड-लाकूड वेगळं काढायचं, उरलेलं यंत्रात फोडून चाळायचं आणि त्यातून गिट्टी, बारीक रेतीसारखा माल, पेव्हर ब्लॉक, फुटपाथचे कर्बस्टोन बनवायचे. मुंबईत आता शिळफाट्याजवळ डायघर आणि दहिसरला कोकणीपाडा असे दोन प्रकल्प आहेत. प्रत्येकाची क्षमता रोज ६०० टन. घरात छोटं काम काढलं तर फोनवर गाडी बोलवायची सोयही पालिकेने ठेवली आहे.

मुंबईलाही हे शहाणपण सहजी सुचलं नाही, बरं का. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडचं प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून ती बंदी सैल केली, आणि त्यातली महत्त्वाची अट होती, मलबा कुठं टाकणार ते आधी दाखवा.

६०० टनांच्या प्रकल्पाला रोज पोट भरायला १०० चौरस मीटरची बारा घरं पाडावी लागतील. रोज! बाळापूर, पातूर आणि बार्शीटाकळी मिळूनही हे होणार नाही. अकोल्याला नेऊन द्यायचं म्हटलं तर पंचवीसेक किलोमीटर. मलबा वजनाला भारी आणि किमतीला हलका. अशा मालाचं भाडं परवडत नाही, म्हणून तर तो जवळच्या नाल्यात जातो.

त्यामुळे छोट्या गावासाठी उत्तर वेगळं असायला हवं. गावाबाहेर, नदी-नाल्यापासून लांब, कुंपण घातलेली एक जागा. तिथं मलबा वर्षभर साठवायचा, आणि वर्षातून एकदा-दोनदा ट्रेलरवर आणता येणारं फिरतं क्रशर लावून फोडून घ्यायचा. जिल्ह्यातल्या चार-पाच नगरपरिषदांनी मिळून एक यंत्र भाड्याने फिरवलं, तरी काम भागतं. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' अभियानात नगरपरिषदांची दरवर्षी पर्यावरणाच्या कामावरून स्पर्धा होतेच. भिंती रंगवण्यापेक्षा हे काम जास्त उपयोगाचं आहे, असं आमचं स्पष्ट मत.

पण मलबा हा मुळात कचरा आहे का?

आपल्या आजोबांना विचारलं असतं तर ते हसले असते. बाळापूरचा किल्ला आठवा. संगमाजवळच्या उंचवट्यावर उभा, उंचच उंच तट आणि बुरूज, आणि काम विटांचं. एलिचपूरच्या नवाब इस्माईल खानाने १७५७ मध्ये तो पुरा केला असं जुनं गॅझेटिअर सांगतं. त्या काळच्या बांधकामात फुटक्या विटा फेकत नसत. त्या कुटून त्यांची सुरखी करायचे आणि ती चुन्यात मिसळायचे. सुरखीमुळे चुना पाण्यातही घट्ट होतो. म्हणजे विटांचा भुगा हा त्या वेळचा सिमेंट मसाल्याचा घटक होता.

घरांचंही तेच. पांढरीच्या मातीच्या भिंती पडल्या तर तीच माती पुन्हा मळून नवी भिंत उभी राहायची. सागवानी खांब-तुळया दोन-दोन, तीन-तीन घरांत फिरायच्या. विटा मातीत किंवा चुन्यात बांधलेल्या असायच्या, त्यामुळे हातोडीने टोकलं की अखंड सुटायच्या. अडचण सुरू झाली सिमेंटमुळे. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटताना एक तर स्वतः फुटते, नाही तर अंगावर मसाल्याचा थर घेऊन येतो. आणि जेसीबीच्या बकेटला अखंड वीट आणि फुटकी वीट यांत फरक कळत नाही.

म्हणून घर जुनं असेल, विटा माती-चुन्यातल्या असतील, तर आधी चार-सहा मजूर लावून विटा उतरवून घ्या आणि मग यंत्र बोलवा. एक वीट साधारण तीन किलोची. पाच हजार विटा अखंड वाचल्या तर पंधरा टन मलबा कमी झाला. चार-पाच ट्रॉल्यांचं भाडं वाचलं आणि विटा कंपाउंडला किंवा संडास-बाथरूमच्या भिंतींना कामी आल्या. उतरवायची मजुरी त्यातून किती सुटते, हे विटांच्या चालू भावावर आहे, पण हिशेब करून बघायला काय हरकत?

फुटक्या विटांचाही उपयोग आहे. स्लॅबवर पाणी मुरू नये म्हणून जो कोबा करतात, तो विटांच्या तुकड्यांवरच. जमिनीखालच्या सोलिंगला, अंगणाच्या भरावाला फोडलेलं काँक्रीट चालतं. फक्त एक काळजी घ्या. मलब्यात काळी माती मिसळू देऊ नका. आपली भारी काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून तर आपल्याकडे जोत्यात मुरूम भरतात. काळी माती मिसळलेला मलबा जोत्यात भरला, तर दोन पावसाळ्यांत फरशी उचलली जाईल.

मग जुन्या काँक्रीटची गिट्टी नव्या स्लॅबला चालते का? इथं भारतीय मानक संस्थेचं उत्तर नेमकं आहे. २०१६ मध्ये सुधारलेल्या आयएस ३८३ या मानकाने जुन्या काँक्रीटपासून केलेल्या गिट्टीला मान्यता दिली, पण मर्यादेत. लोखंड असलेल्या काँक्रीटमध्ये, तेही एम-२५ ग्रेडपर्यंतच, २० टक्के. बिनलोखंडी काँक्रीटमध्ये २५ टक्के. पायाखालच्या पातळ काँक्रीटमध्ये, म्हणजे एम-१५ च्या खालच्या, पूर्ण १०० टक्के. आणि विटा-प्लास्टर-काँक्रीट असं सगळं मिसळलेल्या मलब्याची गिट्टी फक्त त्या पातळ काँक्रीटमध्येच चालते, स्लॅब-कॉलममध्ये अजिबात नाही. चार ढीग वेगळे करा असं नियम का सांगतात, ते आता लक्षात आलं असेल. एकत्र झाला की मलब्याची किंमत पायाखाली जाते. अगदी शब्दशः.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी आणखी एक गोष्ट बघावी. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलाय आणि बाळापूर तालुक्यातली गावंही त्यात येतात. खारं पाणी वापरून बांधलेल्या जुन्या भिंतींना खाली पांढरा खार फुटतो, विटेचा पापुद्रा निघतो. अशा विटा वाचवून पुन्हा भिंतीत घालू नका, तो खार नव्या प्लास्टरमधून पुन्हा डोकं वर काढणार. त्या भरावात जाऊ द्या. नव्या कामालाही बोअरचं पाणी तपासूनच वापरा. आयएस ४५६ प्रमाणे लोखंडी काँक्रीटच्या पाण्यात क्लोराईड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, नाही तर आतली सळई गंजते. म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा मलबा.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते मात्र फोडू नका. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. पाणी मारून, अखंड उतरवून, वेगळे ठेवा. विटांच्या ढिगात टाकू नका.

पारसची राख आणि लाल वीट

बाळापूर तालुक्यातच पारसचं औष्णिक वीज केंद्र आहे. महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के. ढोबळ हिशेब केला, तर दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालल्यास दिवसाला अडीच-तीन हजार टन राख निघेल. हीसुद्धा बांधकामाशी जोडलेल्या कचऱ्याचीच गोष्ट आहे, कारण ही राख जिरवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे सिमेंट, विटा आणि रस्ते.

त्यासाठीचा नियम मलब्याच्या नियमांपेक्षा जुना आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये केंद्राने सांगितलं, की वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा बनवायच्या तर त्यात किमान २५ टक्के राख मिसळायची. पुढे हे अंतर १०० किलोमीटर झालं, आणि बांधकामात राखेचा वापर करायची हद्द २०१६ मध्ये ३०० किलोमीटरपर्यंत गेली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने रस्ते, भराव, धरणं अशा कामांत राख वापरणं ३०० किलोमीटरच्या आत सरकारी-खासगी सगळ्यांना बंधनकारक केलं. अट एवढीच, की राख जागेवर फुकट पोचवायची आणि वाहतूक खर्च वीज केंद्राने सोसायचा. राख शिल्लक राहिली तर केंद्राला टनामागे १,००० रुपये भरपाई.

नकाशावर पारसभोवती ३०० किलोमीटरचं वर्तुळ काढा. अख्खं वऱ्हाड त्यात बसतं. तरी गावात घर बांधताना मिस्त्री पहिलं नाव लाल विटेचंच घेतो. राखेच्या विटेबद्दल लोकांच्या मनात शंका आहेत, आणि काही खऱ्याही आहेत. नीट न पिकवलेली, घाईने विकलेली वीट भिंतीला चिरा पाडते. पण चांगली राखेची वीट मापाला सारखी येते, प्लास्टर कमी लागतं, आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी शेताची वरची सुपीक माती खणावी लागत नाही. विकत घेताना कारखान्याकडे मजबुतीचा चाचणी अहवाल मागायचा. देत नसेल तर पुढच्याकडे जायचं.

'ग्रीन बिल्डिंग'ची सवलत कुणाला?

आता हरित इमारतीकडे येऊ, कारण जाहिरातींत हाच शब्द जास्त असतो. राज्याच्या त्याच एकात्मिक नियमावलीत हरित इमारतीला जादा चटई क्षेत्र मिळतं. 'गृह' या देशी मानांकनाचे तीन तारे किंवा आयजीबीसीचं सिल्व्हर असेल तर मूळ चटई क्षेत्राच्या ३ टक्के. चार तारे किंवा गोल्डला ५ टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. म्हणजे मूळ हक्क १०,००० चौरस फुटांचा असेल तर अनुक्रमे ३००, ५०० किंवा ७०० फूट जास्त. अकोल्यात अपार्टमेंट बांधणाऱ्याला यात रस वाटू शकतो. बाळापुरात हजार फुटांचं घर बांधणाऱ्याला ३० फुटांसाठी मानांकनाचा खर्च कोण सांगेल?

त्याच नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर पाऊस-पाण्याची साठवण किंवा जिरवण सक्तीची आहे. गावातले बहुतेक भूखंड याच्याही खाली. पण इथं सक्तीची वाट बघण्यात अर्थ नाही. अकोल्याकडचा सरासरी पाऊस ७५० मिलिमीटर धरा. १०० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ७५,००० लिटर पाणी पडतं, पैकी ६०,००० लिटर तरी धरता येतं. ज्या पट्ट्यात बोअर खारं लागतं, तिथं हे गोडं पाणी आहे.

उष्णतेचंही तसंच. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो. मातीच्या जाड भिंतीच्या जुन्या घरात दुपारी झोप लागायची, ती चार इंची भिंत आणि उघड्या स्लॅबच्या नव्या घरात कूलरशिवाय लागत नाही. छताला पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीला सावली, समोरासमोर खिडक्या. याला तारे मिळत नाहीत, पण वीजबिल कमी येतं. धुळीकडेही बघा. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची गुणवत्ता घसरलेल्या शहरांच्या यादीत अकोला आणि अमरावती दोन्ही आहेत, आणि उघड्यावर पडलेला मलबा, झाकण न घातलेली ट्रॉली हे त्या धुळीचं एक कारण.

घर पाडायच्या आधी काय विचाराल?

नगरपरिषदेच्या स्वच्छता विभागात जा आणि तीन गोष्टी विचारा: मलबा टाकायची ठरवलेली जागा कोणती, शुल्क किती, आणि उचलायला गाडी मिळते का. जागा ठरलेली नसेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्या पोचेमुळे पुढे तुमच्यावर बोट दाखवणं अवघड जातं, आणि असे दहा-वीस अर्ज आले की विषय सभेच्या पत्रिकेवर येतो.

ठेकेदाराशी बोलताना पाडकामाचा दर ठरवण्याआधी मलब्याची जागा ठरवा. "मलबा उचलून" असं नुसतं म्हणू नका. कागदावर जागेचं नाव लिहून घ्या. शेजारच्या कुणाला भराव हवा असेल तर त्याचं नावही चालेल. गावात नवं घर बांधणारा कोणी ना कोणी मुरूम शोधत असतोच, आणि तुमच्या अंगणात त्याच्या कामाचा माल पडलेला असतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'चांगला भराव आहे, घेऊन जा, काळी माती नाही' एवढं टाकून बघा. ट्रॉली संध्याकाळच्या आत दारात येईल.